आता स्वतःसाठी धावा!

गेल्या काही वर्षांत आमच्या जालना जिल्ह्यात आम्ही जितक्या लग्नांना गेलो नसू, तितक्या शोकसभांना गेलो आहोत. विहारात फोटो ठेवलेला असतो, फोटोला हार, समोर मेणबत्ती. त्रिसरण-पंचशील होते आणि मग एकामागून एक वक्ते उठतात. साहेब नामांतराच्या लढ्यात होते, साहेबांनी गावात पहिली जयंती काढली, साहेबांच्या जाण्याने चळवळीची कधीही भरून न येणारी हानी झाली. हे सगळे खरेच असते. परंतु एक गोष्ट कोणीच बोलत नाही. साहेब गेले कशाने? आणि वय काय होते? अठ्ठावन्न. एकसष्ट. त्रेसष्ट. कुणाची साखर, कुणाचा बी.पी., कुणाच्या छातीत मध्यरात्री आलेली कळ. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षे नोकरी सांभाळून चळवळ केली, जो आता कुठे निवृत्त होऊन पूर्णवेळ समाजाला द्यायला मोकळा झाला, तोच माणूस आपण नेमका त्याच वेळी गमावतो. याला आपण नशीब म्हणणार आहोत काय? नशीब मानणे तर आपण १९५६ सालीच सोडून दिले!

११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे सरांच्या नेतृत्वाखाली नामांतराचा लाँगमार्च निघाला. दिवसभर चालायचे, रात्री मिळेल तिथे पाठ टेकायची, सकाळी पुन्हा रस्ता धरायचा. खडकपूर्णेच्या पुलावर तो अडवला गेला, लाठ्या चालल्या. खडकपूर्णा म्हणजे आमच्या जिल्ह्याचा उंबरठाच. त्या लाँगमार्चमध्ये जे विशीत होते, ते आज पासष्टी ओलांडून गेले आहेत. त्यांतले काहीजण आजही आम्हाला कोर्टात भेटतात. "जय भीम वकीलसाहेब" म्हणतात आणि पहिला मजला चढताना मधल्या पायरीवर कठडा धरून थांबतात. ज्या पायांनी विदर्भ ओलांडला, त्या पायांना आज कोर्टाचा जिना जड झाला आहे. हे पाहून आम्हाला वाईट वाटते, तसा रागही येतो. म्हणूनच या सदरात आज राजकारण बाजूला ठेवून आम्ही धावण्यावर लिहीत आहोत. चाळिशी, पन्नाशी, साठी ओलांडलेल्या माणसांच्या धावण्यावर.

हा विषय काढला की लगेच एक आक्षेप येतो. "अहो, आपला समाज कष्टकरी. व्यायाम ही शेठ-सावकारांची चैन. ज्याने जन्मभर घाम गाळला त्याला पळायला काय सांगता?" आक्षेप अर्धा खरा आहे. घनसावंगी, अंबड, मंठ्याकडची जी माणसे दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांना आम्ही पळायला सांगणार नाही. त्यांना विश्रांती हवी, पोटभर अन्न हवे, कष्टाचे दाम हवेत. परंतु आपल्या समाजात आता दुसराही एक वर्ग तयार झाला आहे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या आरक्षणाने जो शाळा, बँक, एस.टी., महसूल, वीज मंडळ, पोलीस खात्यात गेला, तो हा वर्ग. याच्या बापाने दगड फोडले, याने फाइली चाळल्या. बापाचे जेवण तेच राहिले, नव्हे वाढले, परंतु बापाचे काम राहिले नाही. भाकरीच्या जागी पोळी आणि भात आला, सायकलच्या जागी मोटारसायकल आली, आणि बापाला कधी न झालेला आजार मुलाला झाला.

हे केवळ आमचे निरीक्षण नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. हे आजार आता बंगल्यापुरते राहिलेले नाहीत. ते वस्तीत आले आहेत, आणि वस्तीत औषधांना पैसा कमी असतो.

आता धावण्याकडे वळू. धावणे आपल्या समाजाला नवे आहे काय? मुळीच नाही. आपल्या आज्या-पणज्यांइतके या महाराष्ट्रात कोण धावले असेल? गावकीच्या नावाखाली महारकीची जी कामे गळ्यात मारली गेली, त्यांत निम्मी कामे पायांची होती. सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळा. गावचा वसूल तालुक्याला पोचवा. टपाल न्या. कुणाच्या घरी मयत झाले की ऊन असो, पाऊस असो, दहा-दहा कोसांवर सांगावा घेऊन जा. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबईचा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आमचा मराठवाडा १९२८ साली निजामाच्या अमलाखाली होता, परंतु वेठ इकडे काही निराळी नव्हती. सारांश, आमचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या धावले, परंतु एक पाऊलही स्वतःसाठी धावले नाहीत. त्यांचे पाय दुसऱ्याच्या हुकमाखाली होते.

म्हणून आम्ही म्हणतो, पन्नाशीचा बौद्ध माणूस पहाटे उठून, कुणाच्या हुकमाने नाही तर स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या देहासाठी चार किलोमीटर धावतो, तेव्हा तो नुसता व्यायाम करीत नसतो. पणजोबाला जे कधी मिळाले नाही ते तो घेत असतो. फुरसत हा हक्क आहे, हेही आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी फुरसतीचा मुद्दा ठामपणे मांडला. ज्याचा सगळा दिवस पोटामागे जातो, त्याला संस्कृती घडवायला वेळ कुठून मिळणार, असा त्या मांडणीचा रोख आहे. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले होते. त्या लढाईतून आपल्या हाती आलेला तास आपण कशात घालवतो? टी.व्ही.पुढे, मोबाइलमध्ये, नाक्यावरच्या टपरीवर. हा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा.

आता एका माउलीची गोष्ट. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या आणि पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या लता भगवान करे. २०१३ च्या डिसेंबरात बारामतीत मॅरेथॉन झाली. तीत ज्येष्ठांसाठी ३ किलोमीटरची शर्यत होती. पती आजारी, एम.आर.आय. तपासणीला पैसे नाहीत, पहिले बक्षीस ५ हजार रुपयांचे. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या काळातही त्यांनी ही शर्यत जिंकली. त्यांच्या आयुष्यावर २०२० साली चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये त्याची विशेष दखल घेतली गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. परंतु दोन प्रश्न उरतात. पहिला प्रश्न व्यवस्थेला. साठीच्या शेतमजूर बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, हे कौतुक आहे की कलंक? त्या दिवशी लताबाई हरल्या असत्या तर? दुसरा प्रश्न आपल्याला. ती माउली शिकवणीशिवाय, बुटांशिवाय धावू शकली, कारण शेतातल्या कष्टाने तिचे पाय, तिची छाती तयार होती. आज आपल्यापैकी साठीचे किती निवृत्त कर्मचारी तीन किलोमीटर सलग धावू शकतील? धावणे सोडा, किती जण न थांबता चालू शकतील? लताबाई गरजेपोटी धावल्या. आपल्यावर ती पाळी नाही, आपण आवडीने धावू शकतो. मग आपण बसून का आहोत?

कोणी म्हणेल, या वयात पळाले की गुडघे जातात. ही समजूत घट्ट आहे, म्हणून अभ्यास काय सांगतो ते पाहू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावकांचा आणि न धावणाऱ्या ४२३ जणांचा दोन दशके मागोवा घेतला. २००८ साली निष्कर्ष आले. १९ वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोक मरण पावले होते, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. आणि उठणे-बसणे, चालणे, आपले आपण करणे यांतली अडचण धावणाऱ्यांच्या वाट्याला सुमारे १६ वर्षे उशिरा आली. धावणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त झिजलेले आढळले नाहीत. धावणारी माणसे मुळातच अधिक निरोगी असतात, असे कुणी म्हणू शकेल. संशोधकांनी तो फरकही हिशेबात धरला होता. २०१४ साली ५५ हजारांवर लोकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात तर रोज ५ ते १० मिनिटे सावकाश धावणाऱ्यांमध्येही हृदयविकाराने होणारे मृत्यू बरेच कमी आढळले.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात. रक्तातली साखर उचलणारे मोठे कोठार म्हणजे हे स्नायूच. कोठार लहान झाले की साखर रक्तात साचते. धावताना मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू ही साखर ओढून घेतात आणि नंतरही कित्येक तास घेत राहतात. हृदय हाही स्नायूच आहे, त्यालाही काम दिले तरच तो दणकट राहतो.

आम्ही स्वतः त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी पक्षकार, रात्री बैठका आणि बैठकांतला चहा. एका तपासणीत साखर काठावर आली आणि आमचे डोळे उघडले. मोती तलावाच्या बाजूला पहाटे गेलो. पहिल्या दिवशी दोनशे पावलांत धाप लागली आणि कठड्यावर बसावे लागले. एका ओळखीच्या मामांनी विचारले, "वकीलसाहेब, मागं कुणी लागलंय का?" त्यांना काय सांगणार, मागे साखर लागली आहे! पुढे आठ महिन्यांनी आम्ही न थांबता पाच किलोमीटर धावू लागलो. आज आमच्याबरोबर एक निवृत्त एस.टी. वाहक आहेत, एक शिक्षक आहेत आणि ते प्रश्न विचारणारे मामाही आहेत. मामांच्या कागदावर जन्मतारीख १ जून आहे. आपल्या पिढ्यांतल्या निम्म्या माणसांची तीच असते, गुरुजींनी घातलेली. खरे वय त्यांनाही ठाऊक नाही, परंतु पंचाहत्तरीच्या घरात नक्की असतील. ते आमच्यापेक्षा हळू पळतात आणि आमच्यापेक्षा नियमित येतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी चार गोष्टी अनुभवाने सांगतो. आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, साखर तपासा, हृदयाचा आलेख काढून घ्या. ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांच्या सांध्यांचे दुखणे जुने आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढेच करावे. पहिले दीड महिना फक्त भरभर चाला. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला. पळण्याचा वेळ आठवड्या-आठवड्याने थोडाथोडा वाढवा. पळता पळता शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, असे समजा. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत, मधले दिवस शरीराला भरून यायला द्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराची हालचाल सुचवते, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायामही सांगते. एका पायावर उभे राहणे, भिंतीला धरून उठाबशा काढणे, यांना पैसा लागत नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी, पाय रोज तपासावेत आणि अनवाणी पळू नये. लताबाईंचे कौतुक करावे, परंतु त्यांची लाचारी अनुकरणीय नाही. महागडे बूट लागत नाहीत, मात्र पायाला नीट बसणारे, तळवा मऊ असणारे हवेत. आमच्या मराठवाड्याचा एप्रिल-मे फार कडक, तेव्हा दिवस उगवायच्या आत घरी या आणि पाणी पिऊनच निघा. औद्योगिक वसाहतीच्या धुराकडे तोंड करून पळू नका. छातीत दडपण, चक्कर, डाव्या हाताला कळ, असे काही जाणवले तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. लपवू नका.

माता-भगिनींसाठी हे अधिक महत्त्वाचे आहे. रमाई गेल्या तेव्हा त्यांचे वय जेमतेम सदतीस होते. घरासाठी झिजणाऱ्या बाईचे दुखणे घर शेवटी ऐकते, ही रीत अजून मोडलेली नाही. पाळी थांबल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा हाडांवर भार टाकणारा व्यायाम उपयोगी पडतो. परंतु आमची पन्नाशीची ताई रस्त्यावर पळू लागली की लोक हसतात, म्हणून ती घरात बसते. यावर उपाय एकच, एकटीने नाही तर दहा जणींनी मिळून निघायचे. दहा जणींना कोणी हसत नाही.

आता प्रश्न जागेचा. पळायचे कुठे? जगातले वयोवृद्ध धावक म्हणून गाजलेले फौजासिंग १९११ साली जन्मले, २००० साली ८९ व्या वर्षी लंडनमध्ये ४२.१९५ किलोमीटरची पहिली मॅरेथॉन धावले आणि २०११ साली शंभरीत टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी पूर्ण केली. त्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता, म्हणून गिनेसने त्यांच्या विक्रमाची नोंद केली नाही. म्हणजे कागदाचे दुखणे केवळ आमच्या मामांचे नाही! जुलै २०२५ मध्ये पंजाबातल्या आपल्या गावाजवळ रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. वयाने जे केले नाही, ते रस्त्याने केले. म्हणून आम्ही सांगतो, हमरस्त्यावर अंधारात पळू नका. मग मैदान हवे, आणि मैदान ही मेहेरबानी नाही. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात क्रीडांगणे, उद्याने यांची आरक्षणे ठेवता येतात. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळुरूच्या मुद्दप्पा खटल्यात रद्द ठरवला. राज्यघटनेचे अनुच्छेद ४७ लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. तेव्हा आपापल्या गावच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. आमच्या भागात क्रीडांगणाची आरक्षणे किती, त्यांवर आज काय उभे आहे? अर्ज लिहून द्यायला आम्ही बसलेलो आहोत.

आपल्या धम्मातही पायांना मान आहे. तथागत ऐंशीव्या वर्षापर्यंत पायी फिरले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाची ताकद येते, उद्योगाला बळ मिळते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही डॉक्टरला मान्य होईल.

शेवटी एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहितो. बाबासाहेबांना मधुमेह होता. सांधे, पाय छळत होते. तरीही ते लिहीत राहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली छापून आला, तेव्हा तो पाहायला ते नव्हते. वय अवघे पासष्ट. कोट्यवधी लोकांसाठी झिजताना त्यांना स्वतःच्या देहासाठी वेळ काढता आला नाही. त्यांनी तो वेळ आपल्याला मिळवून दिला. तो वाया घालवणे आपल्याला शोभते काय?

प्रत्येक विहाराने रविवारी पहाटेचा एक तास ठरवावा. वंदना झाली की चालणारे चालतील, धावणारे धावतील, आणि परतल्यावर कुणाची साखर किती, कुणाचा बी.पी. किती, याची वही ठेवावी. येणार नाही त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी. शोकसभेत बोलायला आमच्याकडे शब्द पुष्कळ आहेत. ते आता वापरावे लागू नयेत, एवढीच इच्छा आहे. उद्या पहाटे साडेपाचला आम्ही मोती तलावाजवळ आहोत. जय भीम!